सातवी गाठ

सहा गेली आणि लाइन गेली.

रुपाबाईच्या हातातला दोरा हातातच राहिला. टीव्हीच्या काळ्या काचेत आता तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं, हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं, आणि मागे खाटेवर बसलेला नवरा लखीराम दिसत होता, एक हात कानामागे, तोंड अर्धं उघडं. जरा आधी त्याच काचेत चंदीगडचं आभाळ होतं. शेपटीतून जाळ सोडत सहा मिग विमानं एकामागून एक उठली होती आणि उठणाऱ्या प्रत्येकागणिक रुपाबाईनं लाल दोऱ्यात एक सरकगाठ मारली होती. सहा विमानं, सहा गाठी. आज ती शेवटची उडणार आणि मग कायमची थांबणार, असं टीव्हीवरची मुलगी सकाळपासून सांगत होती. म्हणजे आता ती उतरताना गाठी ओढायच्या, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात पाटणी चौकाच्या अंगाला कुठंतरी डीपीवर फट् झालं आणि डोक्यावरचा पंखा दोन फेरे उगाच घेऊन थांबला.

"उतरले काय?" लखीरामनं विचारलं. तो बोलला की तीन घरं ऐकायची. बारा वर्षं विमानांच्या मागं उभं राहून त्याचे कान गेले होते आणि आपण हळूच बोलतो अशी त्याची समजूत होती.

"लाइन गेली."

"आं?"

"लाइन गेली, लाइन! विमानं वरतच हायत!"

"मंग आता?"

रुपाबाईनं टीव्हीचं बटन उगाच दोनदा दाबून पाहिलं. विमानं काही आपल्या दोऱ्याला बांधलेली नाहीत हे तिला कळत होतं. तिथं मोठमोठे साहेब, हजारो माणसं माना वर करून बसलेली; वाशीमातल्या दुसऱ्या मजल्यावरची एक अडुसष्ट वर्षांची बाई बघत नाही म्हणून कोणाचं काय अडणार होतं? पण बोटांना हे कोण सांगणार. सहाच्या सहा गाठी ताज्या, फुगलेल्या, ओढायची वाट बघत होत्या. आणि त्यांच्या पलीकडे, दोऱ्याच्या जुन्या टोकाला, सातवी होती. काळी पडलेली, मिऱ्याच्या दाण्याएवढी, बेचाळीस वर्षांत एकदाही न सुटलेली. तिच्याकडे रुपाबाईनं बघितलं नाही. अंगठ्यानं नुसती चाचपली, आहे का जागेवर म्हणून. होती.

गाठी मारायचं तिला आईनं शिकवलं होतं. आसेगावजवळच्या तांड्यावर ढोरं चरायला निघाली की आई वाटेवर उभी राहून दोऱ्यात गाठी मारायची, जनावरामागं एक. संध्याकाळी एकेक जनावर आत आलं की एकेक गाठ ओढायची. दोरा सरळ झाल्यावरच चूल पेटायची. त्या दोऱ्यात विमानं शिरली ती रुपाबाईच्या लग्नानंतर. लखीराम बहात्तरच्या दुष्काळात मुकादमाच्या टोळीबरोबर राजस्थानात धावपट्टीच्या कामावर गेला आणि खडी टाकता टाकता तिथंच चिकटला. मिग उतरतं तेव्हा इतक्या जोरात येतं, की नुसत्या ब्रेकनं थांबत नाही. त्याच्या शेपटीतून एक छत्री निघते, पॅराशूटच ते, ती वारा धरून विमानाला मागं ओढते. पट्टीच्या टोकाला पायलट ती सोडून देतो. मागून दुसरं विमान येतंय, त्याच्या आत ती छत्री पळत जाऊन उचलायची, झटकायची, वाळवायची, कुसळं वेचायची आणि साहेबलोक सांगतील तशी घडी घालायला हात लावायचा, हे लखीरामचं काम. तांड्यावर लोक विचारायचे, लखीराम विमानात काय करतो? सासू सांगायची, छत्री धरतो. लोकांना वाटायचं, पायलटवर ऊन येऊ नये म्हणून कोणीतरी लागतच असेल.

तळाच्या तारेबाहेर त्यांची झोपडी होती. विमान उठताना कानाला ऐकू यायच्या आधी दाताला कळायचं. मांडणीवरच्या जर्मनच्या ताटल्या आपोआप वाजायच्या, दुधावरची साय थरथरायची. रुपाबाई हातातलं काम टाकून गाठ मारायची. मग बराच वेळ नुसतं ऊन. आणि मग उतरणाऱ्याचा लांब, घासत येणारा आवाज, आणि त्या आवाजाच्या शेवटी, ओली गोधडी झटकावी तसा फट्ट. छत्री उघडली. तो आवाज आला की गाठ ओढायची. अंगणात वाळू, हातात दोरा, पोटात पोरगा बादल, आणि फट्ट, फट्ट, फट्ट. तिला वाटायचं, जगात याच्याइतका चांगला आवाज नाही. तारेच्या आतल्या साहेबांच्या बायकाही असंच करत असतील, दोरा नसेल, पण उतरायच्या वेळेला त्यांच्याही हातातली पळी वरच्या वर थांबत असेल. मोठ्यानं कोणीच मोजायचं नाही. आणि एखादं आलं नाही तर विचारायचं नाही. हा तिथला नेमच होता, कोणी घातला ठाऊक नाही. बायका पोरांना आत बोलवायच्या, दारं लोटायच्या, दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना मिठाबद्दल, विंचवाबद्दल बोलायच्या. गेलेल्याचं नाव जिभेवर घेतलं की दुसरं जातं, असं म्हणायचे.

"मी खाली जाऊन राह्यली," रुपाबाई उठली. "मांगीलालच्या दुकानात मोबाईल असीन."

"गुडघे?"

"गुडघ्याइले काय विचारता, ते बी येऊन राह्यले संगं."

जिन्याला बत्तीस पायऱ्या होत्या. मुलगा बादल पंचायत समितीत लागला, त्यानं हा फ्लॅट घेतला तेव्हा तिनं पहिल्यांदा पायऱ्याच मोजल्या होत्या. एका हातानं कठडा, दुसऱ्या मुठीत दोरा. गाठी चुरगळू नयेत म्हणून मूठ अलगद, आत चिमणीचं पिल्लू असावं तशी. मागून लखीराम येत होता आणि प्रत्येक वळणावर "सावकाश" असं ओरडून सगळ्या जिन्याला सांगत होता. अर्ध्या वाटेत ती थांबली. गुडघ्यासाठी नाही. त्या दिवशीही असंच झालं होतं, चार गेली आणि मध्येच काहीतरी गेलं; तेव्हा लाइन नाही, उजेडच गेला होता.

तळमजल्यावर मांगीलालचं कापडाचं दुकान. नवरात्राचा पाचवा दिवस, आजचा रंग हिरवा, म्हणून त्याची सून त्रिशला हिरव्या ड्रेसमध्ये हिरव्या साड्यांच्या ढिगात बसलेली, आणि मांगीलाल गल्ल्यामागं पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

"त्रिशला, बाई, मोबाईल काढ. चंदीगड लाव."

"चंदीगडले काय हाय, मावशी?"

"सहा विमानं वरतं हायत."

"कोनाचे?"

"आमचे," रुपाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मांगीलाल हसला. "लखीरामभाऊ सकाळपासून साऱ्या गल्लीले सांगून राह्यले, आज माही रिटायरमेंट हाय म्हून."

"माही नाई, त्याची!" लखीराम गरजला. "माही तं पंच्याऐंशीतच झाली. हे त्रेसष्ट साली आलं, आपल्याकडचं आवाजाच्या पुढं पळनारं पयलं हेच! तुमचा कापडाचा टेम्पो जऊळक्याहून निघून वाशीमात लागते तोवर हे दिल्लीले जाऊन चहा पिऊन राह्यते. एकाहत्तरच्या लढाईत ढाक्याच्या लाटसाहेबाच्या बंगल्यावर कोन गेलं? हेच. कारगिलले कोन गेलं? हेच. नाशिकजवळ ओझरले बनवत होते, आपल्याच लोकाईच्या हातचं!"

"पन पडे बी लय म्हन्तात, भाऊ. पेपरात होतं."

लखीरामनं कानामागचा हात खाली घेतला. मग जरा कमी आवाजात, म्हणजे फक्त रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं, तो म्हणाला, "पडे. खोटं कायले बोलू. पन बासष्ट वर्षं कोनतं गाडं चालते, शेठ? तुमची लूना कुठी हाय?"

"भंगारात."

"मंग!"

पेपरवाले मिगला उडती शवपेटी म्हणायचे. एकदा बादलनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा रुपाबाईनं त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं होतं. बादल खुळ्यासारखा बघत राहिला. त्याला काय सांगणार? की ज्यांना मोजत बसलो त्या पेट्या नव्हत्या, त्यात रोज सकाळी कोणीतरी पोरगा बसायचा, आणि बहुतेक दिवशी, जवळजवळ सगळ्याच दिवशी, तो परत यायचा, आणि त्या परत येण्याची बातमी कधी कोणत्या पेपरात आली नाही, ती फक्त बायकांच्या कानात आली. फट्ट. आणि चूल पेटली.

त्रिशलाच्या मोबाईलवर एक पांढरं चाक नुसतं फिरत होतं. "नेट नाई भेटून राह्यलं, मावशी. टॉवर बी लाइनवरच असीन." ती मोबाईल घेऊन दाराशी गेली, मग पायरीवर, मग हात उंच करून उभी राहिली. रुपाबाई त्या चाकाकडं बघत राहिली आणि चाकात तिला वाळू दिसायला लागली, गोल गोल उठणारी, त्र्याऐंशी सालच्या होळीची. आदल्या दिवशी टोळीतल्या पाच-सहा बायकांनी तांड्याच्या रीतीनं फाग मागितला होता. हातात काठ्या, तोंडात गाणी, वाटेत जो पुरुष सापडेल त्याला अडवायचं. तो काही देईल तेव्हा सोडायचा. रुपाबाईला नववा लागून चुकला होता, पण काठी तिच्याच हातात पुढं. आणि सापडला कोण, तर सायकलवरून येणारा एक पायलट साहेब. पोरगाच, कुरळ्या केसांचा, मिसरूड अजून विचारात पडलेलं. बायकांनी सायकल धरली. तो घाबरला. पटापट खिसे उलटे करून दाखवले, त्यात एक कंगवा निघाला. बायका इतक्या हसल्या, की एकीला बसावं लागलं. रुपाबाईनं कंगवा त्याच्याच केसांत खोचला, आणि सायकलच्या चाकावर काठी वाजवून म्हणाली, फाग पाहिजे. तो हात जोडून हिंदीत म्हणाला, कल पेढे, पक्का, मेरी तरफ से पूरा डिब्बा. आणि तिच्या पोटाकडं बघून म्हणाला, दो डिब्बे.

दुसऱ्या दिवशी चार गेली. पहिल्यात तो होता. तारेपलीकडून जाताना त्यानं टोपीवर कंगवा फिरवल्यासारखं केलं, तिला दिसलं. चार गाठी. मग आंधी उठली, वाळूची भिंतच, सूर्य तांब्याच्या पैशासारखा झाला. फट्ट. फट्ट. फट्ट. मग काही नाही. तारेजवळून परत गेलेल्या तिघांत टोपीवर कंगवा फिरवणारा नव्हता. ती दारात उभी राहिली आणि तिथंच तिला पहिली कळ आली. ट्रॅक्टरमधून शहराच्या दवाखान्यात नेईपर्यंत दोरा मुठीत होता. पोर पायाळू निघालं, दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत तिनं ती गाठ एवढी आवळली, एवढी आवळली, की सरकगाठ सरकायची विसरली. बादल झाला. दवाखान्यातूनच, बाळंतपणाला आलेल्या सासूनं तिला गाडीत बसवून तांड्यावर आणलं. लखीराम दोन वर्षांनी आला. त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पण दर होळीला पोळीचा एक तुकडा ती वेगळा काढायची आणि कोणाचं नाव न घेता होळीत टाकायची. बेचाळीस तुकडे. कंगव्याचं एवढं ऋण होतं, असं मनाशी म्हणायची.

"लागलं! लागलं!" त्रिशला पायरीवरून ओरडली आणि मोबाईल घेऊन धावत आत आली. चौघांची डोकी एका ठिकाणी आली. तळहाताएवढ्या काचेत एक करडं पोट, छोटे पंख, नाक वर. जमिनीला टेकलं. आणि मागं, पानाच्या डबीतून रुमाल निघावा तशी छत्री निघाली, आधी लुळी, मग एकदम टंच.

रुपाबाईनं गाठ ओढली. सळकन सुटली.

"हात घाल! हात घाल लेका, फरफटून राह्यली!" लखीराम उभा राहून चंदीगडच्या कोणा अनोळखी माणसावर ओरडायला लागला. "वाऱ्याच्या आंगानं धर!" दुसरं टेकलं. गाठ. तिसरं. गाठ. लखीरामच्या हातांना दम निघेना. त्यानं गल्ल्यावरची हिरवी साडी ओढली, एक टोक मांगीलालच्या हातात दिलं, "ताठ धरा शेठ, ढील नोका देऊ," आणि चुण्या घालायला लागला, डावी, उजवी, डावी, तळहातानं हवा दाबून बाहेर काढत. सत्त्याहत्तर वर्षांचे ते हात एरवी शर्टाचं बटन लावताना कापत. आता कापत नव्हते. मांगीलाल धोतर सावरत साडी ताणून उभा होता. "भाऊ, गिऱ्हाईकाची हाय ते," एवढंच तो म्हणाला, पण टोक सोडलं नाही. चौथं. पाचवं. पाचव्यानंतर चाक पुन्हा फिरायला लागलं. रुपाबाईनं डोळे मिटले. दाताला काही कळतंय का बघितलं. वाशीम ते चंदीगड, काय कळणार. पण दाताखाली वाळू कचकचली, खरंच कचकचली.

"आलं, मावशी! सलामीच्या पान्याच्या फवाऱ्यातून चाल्लं!"

सहावी गाठ सुटली. दुकानात कोणीतरी टाळ्या वाजवल्या; ती त्रिशलाच होती. लखीराम घडी घातलेली साडी छातीशी धरून उभा होता, तान्ह्या पोरासारखी, आणि हसत होता, आणि गालावरून पाणी वाहत होतं त्याचा त्याला पत्ता नव्हता.

"मावशी," त्रिशलानं दोरा बोटावर घेतला, "हे एक राह्यली नं."

राहिली. ती राहणारच. रुपाबाईला म्हणायचं होतं, ते जुनं आहे, सोड. पण आज सहाच्या सहा आली होती, आज ती कायमची खाली आली होती, आता वर कोणीच नव्हतं, ज्याला नाव घेतल्यानं काही व्हावं. बेचाळीस वर्षांचं दार तिनं स्वतःच लोटलं, आणि ते इतकं हलकं होतं, की ती जवळजवळ आत पडली.

"बादलचे बापू," ती लखीरामच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बादलच्या कळा लागल्या त्या दिशी आंधीत एक आलं नोतं. कुरळ्या केसाचा साहेब होता त्यात."

"कोन? कंगवेवाला?" लखीराम म्हणाला. "आलं नोतं कसं? आलं नं! आंधीच्यानं दुसऱ्या तळावर उतरवलं होतं त्याले. दुसऱ्या दिशी सकाळीच आला. मीच त्याची छत्री उचलली."

रुपाबाईनं त्याच्या हातातली साडी धरून त्याला आपल्याकडं वळवलं.

"काय म्हन्ता?"

"आला, आला! पेढे बी घिऊन आला होता. दोन डब्बे..." आणि इथं लखीरामची जीभ अडखळली. त्यानं साडीच्या घडीत तोंड घातल्यासारखं केलं.

"कोनते पेढे?"

"आं?"

"बह्यरे नोका होऊ! कोनते पेढे?"

"तुह्या नावाचे," लखीराम पहिल्यांदाच खरंच हळू बोलला. "तू दवाखान्यात. मी ठिवले दोन दिस. गरमी होती, रुपा. वास येऊन राह्यला होता. मंग आमी सहा जनं... म्हून तं मी त्या सायेबाचा इषयच कधी काढला नाई. म्हटलं, तू फाग मागशीन."

"दोन डब्बे सहा जनाइनं?"

"मीच जास्त," तो म्हणाला.

आधी तिला वाटलं राग येईल. बेचाळीस होळ्या डोळ्यांपुढून गेल्या, बेचाळीस तुकडे, जळताना होणारा तो गोड धूर. ती रागाची वाट बघत राहिली, उतरणाऱ्या विमानाची बघावी तशी, आणि आला तो राग नव्हता. बेंबीजवळून काहीतरी घासत, लांबून, जोरात येत होतं, आणि छातीत आल्यावर फट्ट उघडलं. ती हसली. स्टुलाला धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली, तरी थांबेना. तो पोरगा आता सत्तरीकडं झुकला असेल. केस गेले असतील, सगळे कुरळे केस, कंगवा घरात कुठंतरी पडला असेल. ढेरी सुटली असेल. आज तिथंच असेल चंदीगडला, खुर्चीत, डोळ्यांवर हात धरून, आणि सहावं टेकलं तेव्हा त्यानंही मनात काहीतरी ओढलं असेल. ती बेचाळीस वर्षं ज्याला होळीत वाढत होती तो कुठंतरी रोज जेवत होता, भाजीला मीठ कमी म्हणत होता, नातवंडांवर ओरडत होता!

तिनं गल्ल्यावरचा कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि लखीरामपुढं आडवा धरला.

"फाग."

"अवं, नवरात्र हाय!"

"बेचाळीस वर्षांचा फाग," ती म्हणाली, आणि गज फरशीवर वाजवून तिनं गाणं सुरू केलं, त्या दिवशी सायकलपुढं म्हटलं होतं तेच. आवाज फाटला, तसाच ठेवला. रस्त्यावरच्या दोन बाया थांबल्या. त्रिशला ठेक्यावर टाळ्या द्यायला लागली. लखीरामनं खिसे उलटे करून दाखवले. त्यात एक कंगवा निघाला, आणि मग मात्र त्याचंही हसू सुटलं. मांगीलालनं समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली, "पेढे धाडा! दोन डब्बे! लखीरामभाऊच्या नावावर!"

गाठ सुटायला वेळ लागला. नखानं नाही, दातानं नाही. शेवटी त्रिशलानं फॉल लावायची सुई आणली आणि रुपाबाईनं ती गाठीच्या पोटात घालून हळूहळू फिरवली, एक धागा, मग दुसरा. तोंडात पेढा होता, तो तिनं चावला नाही, नुसता विरघळू दिला. वर कुठंतरी पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. लाइन आली होती. कोणी उठलं नाही. एकदाची गाठ ढिली झाली, काळी होती तिथं आतून दोरा अजून लालभडक होता. तिनं दोन्ही टोकं धरून तो ताणला. गाठी होत्या त्या ठिकाणी बारीक बारीक वळ्या राहिल्या होत्या. तिनं त्या बोटानं मोजल्या, आणि लखीरामच्या कानाला तोंड लावून, रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, सांगितलं:

"सात गेली होती. सात आली."